चालताना बोलता आलं पाहिजे

वयाच्या बासष्टाव्या वर्षी पंचविशीतल्या एका मुलीने मला श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. पेणच्या एका दवाखान्यातली मागची खोली, तिच्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, जागच्या जागी फिरणारी एक सायकल आणि भिंतीवर फुप्फुसांचं गुलाबी चित्र. ती मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. तिने माझ्या तोंडासमोर पेटती मेणबत्ती धरली आणि म्हणाली, "काका, ओठांचा चंबू करा आणि हळू फुंकर घाला. विझवायची नाही हं, ज्योत नुसती हलली पाहिजे." मी पहिल्याच फुंकरीला विझवली. तिने पुन्हा पेटवली, मी पुन्हा विझवली. मला इतका संताप आला होता की मेणबत्ती हिसकावून खिडकीबाहेर फेकावीशी वाटत होती. बायको शेजारीच बसली होती. तिला ते कळलं असावं, कारण तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

संतापाचं कारण त्या मुलीला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी कबड्डीचा चढाईचा गडी. चढाईला गेलेल्या गड्याने समोरच्यांच्या अंगणात एकाच श्वासात "कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं, श्वास तुटला की बाद, एवढा साधा खेळ. आमच्या पेण, रोह्याच्या बाजूला तो शिकवावा लागत नाही, भात कापून शेत मोकळं झालं की पोरं आपोआप शिकतात. माझा दम लांब होता. तिघं अंगावर असताना, छाती रिकामी झालेली असताना मी शब्द सोडला नव्हता आणि हात मध्यरेषेला लावला होता, असे सामने लोक अजून सांगतात. आता सांगणारेही थोडेच उरलेत. आणि ही मुलगी मला फुंकर शिकवत होती.

फुप्फुसाच्या डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं की हा आजार बरा होणारा नाही, सांभाळायचा आहे. श्वासाच्या नळ्या आखडल्यात, आतल्या हवेच्या फुग्यांची लवचिकता गेली. त्यांनी विचारलं, बिडी? मी म्हटलं, आयुष्यात हातात धरली नाही. मग त्यांनी विचारलं, काम काय करत होता? ते सांगायला मला बराच वेळ लागला. धाप लागत होती म्हणून आणि लाज वाटत होती म्हणूनही.

मला नोकरी लागली तीच मुळी श्वासाच्या जोरावर. त्या काळी रोह्याच्या बाजूच्या कंपन्या आपापले कबड्डीचे संघ बाळगून असत. माझी आणि माझ्या जोडीदाराची एकाच दिवशी निवड झाली. जोडीदार म्हणतो तो खेळातला. बचावाला उभं राहिलं की डाव्या कोपऱ्यात आम्ही हातात हात गुंफून उभे असायचो, म्हणून तो जोडीदार, आणि पुढे सगळ्याच बाबतीत तोच शब्द राहिला. सहा-सात वर्षं सुखाची गेली. सकाळी ऑफिसात कागद इकडून तिकडे न्यायचे, दुपारी सरावाला सुट्टी. मग वरचा साहेब बदलला, संघ बंद झाला आणि आम्हा दोघांना पावडरच्या खात्यात टाकलं. सुपरवायझर म्हणाला, "तुम्हाला काय, खेळाडू माणसं, छात्या मजबूत." हे ऐकून आम्ही फुगलो. खरंच फुगलो, आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

काम असं की पोतं खांद्यावरून आणायचं, फाडायचं आणि मशीनच्या तोंडात रिकामं करायचं. पावडर वर उठायची, माणसाला माणूस दिसायचा नाही. मास्क मिळायचे, पण दहा मिनिटांत घामाने ओले होऊन नाकाला चिकटायचे, मग आम्ही ते गळ्यात लोंबकळत ठेवायचो. त्यावर आमचा आम्हीच उपाय काढला होता. श्वास रोखायचा, पोतं ओतायचं, तीन पावलं मागे यायचं आणि मगच श्वास घ्यायचा. तीन पावलांवर हवा चांगली असते हे आम्हीच ठरवलेलं. हळूहळू त्याची शर्यत झाली. एका दमात दोन पोती, मग तीन. जोडीदाराने एकदा चार ओतली तेव्हा सगळी शिफ्ट टाळ्या वाजवत होती. आणि चौथं ओतून झाल्यावर त्याने तोंड आ वासून जो मोठा श्वास आत ओढला, तो त्या पांढऱ्या धुरळ्यातच उभं राहून. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही साधा श्वास घेत राहिला असतात तर निदान इतकं खोल गेलं नसतं." बाकीच्यांपेक्षा आम्ही हुशार, म्हणून बाकीच्यांपेक्षा जास्त खाल्लं.

तर त्या मुलीकडे मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो, बायकोच्या धाकाने. मुलगी गोड बोलायची आणि अजिबात ऐकायची नाही. औषधाचा पंप ओढल्याशिवाय चालायला निघायचं नाही, आणि ओढल्यावरही पंधरा मिनिटं थांबायचं. जेवून लगेच नाही. गार वारा असेल तर नाक-तोंड झाकून, धूर असेल तर घरातच. ताप, किंवा कफाचा रंग बदललेला, तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. खुर्चीतून उठताना, जिना चढताना, बादली उचलताना श्वास सोडायचा. रोखायचा नाही. हे शेवटचं मला जमेना. माझं शरीर जोर लावायची वेळ आली की आपोआप कुलूप लावून घ्यायचं, तीस वर्षांची सवय. ती मुलगी दर वेळी माझ्या पाठीवर टिचकी मारायची, "काका, रोखलात." मी चिडून म्हणायचो, "कळलं." पुढच्या खेपेला पुन्हा टिचकी.

आणि दर वेळी निघताना एकच वाक्य: "चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं अडखळलं की थांबायचं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका."

मी पेणच्या रामवाडीत राहतो. एका बाजूला हायवे आणि त्याची न संपणारी धूळ, शहरात गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती घासायला लागले की तिकडचा पांढरा भुगा. त्यामुळे माझं चालणं सकाळी सात ते साडेसात, आतल्या गल्लीत, बायकोबरोबर. ती मुद्दाम प्रश्न विचारायची. आज भाजी कुठली आणायची, तुमच्या मोठ्या आत्याच्या नातवाचं काय झालं, गॅस कधी संपेल. मी उत्तर देत चालायचो. उत्तर अर्ध्यात अडकलं की ती स्वतःच कट्ट्यावर बसायची, जणू तिलाच थकवा आलाय. मी हातांची कोपरं मांडीवर टेकून पुढे वाकायचो, चंबू करून हवा सोडायचो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत छाती सुटायची. सहा महिन्यांत मी एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत यायला लागलो. कुणाला सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, पण मला आतून उकळ्या फुटत होत्या. वाटायचं, आपण खेळाडू ते खेळाडू.

दिवाळीच्या आधी वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे जोडीदाराची बायको. रोह्यापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर त्यांचं गाव. म्हणाल्या, "भावजी, हे पडवीच्या पुढं जात नाय. संडासला जाऊन आले की अर्धा तास बोलत नाय. तुम्ही एकदा येऊन जा."

गेलो. पेणहून रोह्याची गाडी दुपारी रिकामीच असते, खिडकीशी बसून गेलो. जोडीदार पडवीत खुर्चीवर बसला होता, खांदे कानापर्यंत वर आलेले, बनियनमधून फासळ्या मोजून घ्याव्यात असा. मला बघून उठायला गेला आणि उठता उठता श्वास रोखला. मला ते लगेच दिसलं. त्याला माझ्याच रोगाची पुढची पायरी होती. डॉक्टर एक होता रोह्यात, गोळ्या आणि पंप चालू होते, पण व्यायाम म्हटलं की जोडीदार हसायचा. "आता व्यायाम करून काय परत संघात घेनार हायत का मला?"

मग त्यानेच सांगितलं. गावच्या मंडळाची कबड्डी स्पर्धा माघात असते. यंदा त्यांनी आमच्या जुन्या संघातल्या गावकऱ्याचा, म्हणजे त्याचा, सत्कार ठरवला होता. मंडळाची माणसं येऊन म्हणाली, काका, तुम्ही काळजी नका करू, आम्ही तुम्हाला खुर्चीसकट उचलून मैदानात आणतो. यावर त्याने त्यांना जे ऐकवलं ते वहिनींनी मला सांगितलं नाही, पदर तोंडाला लावून हसल्या. मला मात्र तो गंभीरपणे म्हणाला, "अरं, मी त्या मैदानात आयुष्यभर पायांनी गेलोय. उचलून मानूस कधी नेतात तुला म्हायीत हाय. मी जानार तर चालत जानार, नायतर त्यांनी शाल घरी पाठवून द्यावी." बोलता बोलता तो चार वेळा थांबला.

पडवीपासून मैदानाच्या बांबूच्या कुंपणापर्यंत मी पावलं मोजली. तीनशे चाळीस. मध्ये देवळापाशी थोडा चढ. माघाला तीन महिने होते. मी म्हटलं, दर बुधवारी येतो, तुला चालवून दाखवतो. वहिनींनी दोन्ही हात जोडले. मला ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. कित्येक वर्षांत माझी कुणाला गरज पडली नव्हती.

पहिले काही बुधवार कठीण गेले. चंबू करून फुंकर घालायला सांगितलं तर म्हणाला, "ह्ये काय, शीटी मारू रस्त्यावं?" बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र मी माझं नेलं होतं. त्याने ते कपड्याच्या चिमट्यासारखं दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं. मी फार आग्रह केला नाही. थांबायचीही त्याला लाज. गल्लीत मधेच गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचं म्हणजे हरलेल्या गड्यासारखं, आणि दोन्ही बाजूंना ओट्यांवर ओळखीची माणसं. मी त्याला समजावलं, रागावलो, एकदा शिवीही दिली. पण खरं सांगायचं तर तो वाकून धापा टाकायला लागला की मीच तोंड फिरवायचो.

आणि तो बोलायचा नाही. मूळचाच कमी बोलणारा. मी विचारायचो, सकाळी काय खाल्लंस? "हं." वहिनींचा गुडघा कसा आहे? "हं." आता 'हं'वरून कळणार काय? त्या मुलीचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, चालताना बोलता आलं पाहिजे. तिसऱ्या की चौथ्या बुधवारी मी वैतागून म्हणालो, "बोलायचं नाय तर नको बोलूस. कबड्डी म्हन. कबड्डी म्हनत चाल. तोंड बंद पडलं की थांबू."

ही कल्पना माझी. दुसऱ्या कुणाचीही नाही.

जोडीदाराचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, अरे, हे आधीच का सुचलं नाही. त्याने लेंगा वर खोचला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि चालायला लागला, हळू आवाजात, एकसारखं, कबड्डी कबड्डी कबड्डी. ओट्यावरची माणसं हसायला लागली, पण कौतुकाने. एक म्हातारी ओरडली, "पकडा रं त्याला!" त्या दिवशी तो साठ पावलं गेला. आधी चाळीसवर बसत होता. पुढच्या बुधवारी शंभर. नाताळाच्या सुमारास दोनशे. वहिनी फोनवर सांगायच्या की मधल्या दिवसांतही अंगणात त्यांचं कबड्डी कबड्डी चालूच असतं, ऐकून बरं वाटतं.

पेणला त्या मुलीपुढे मी बढाई मारली. म्हटलं, माझा एक पेशंट आहे, तुमच्या नियमाने चालतो, चालताना तोंड बंद नसतं त्याचं. ती हसली. म्हणाली, "छान. पण काका, त्यांना एकदा माझ्याकडे आणा. प्रत्येकाची पातळी वेगळी असते, मला तपासावं लागेल." मी म्हटलं, बघतो. बघितलं नाही. रोह्याहून त्याला पेणपर्यंत आणणं अवघड होतं हे खरंच, पण ते खरं कारण नव्हतं. तिने तपासलं असतं तर तो तिचा पेशंट झाला असता. मला तो माझा हवा होता.

जानेवारीतला बुधवार. मी त्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलो, कारण दुपारी वहिनींना रोह्याला काम होतं. सकाळी थंडी होती. कुणीतरी परसात पालापाचोळा पेटवला होता आणि धूर गल्लीत खाली बसून राहिला होता. मला स्वतःलाच खोकला आला, मी तोंडाला रुमाल लावला. तेव्हाच परत फिरायला हवं होतं. धूर असेल तर घरातच, हे मला पाठ होतं. पण जोडीदार पंप ओढून, टोपी घालून पायरीवर उभा होता आणि म्हणाला, "आज कुंपनाला हात लावून येनार."

निघालो. मी त्याच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. शंभर, दीडशे. शब्द स्वच्छ. देवळाच्या चढावर मी विचारलं, "थांबायचं?" त्याने मान हलवली आणि शब्द थोडा मोठा केला. मला वाटलं, आवाज वाढतोय म्हणजे दम आहे. अडीचशे. तीनशे. त्याचे ओठ हलताना मी बघत होतो आणि शब्द मोजत होतो. ओठांचा रंग मी बघितला नाही. पुढे दवाखान्यात सांगितलं, ते निळे पडले होते आणि ते काही एका क्षणात पडत नाहीत.

ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसाकडून ही चूक झाली असती तर गोष्ट वेगळी. मला ठाऊक होतं. जगात ज्या थोड्या माणसांना हे अंगाने ठाऊक असेल त्यातला मी एक. छातीत वाटीभर हवा नसताना चढाईचा गडी शब्द चालू ठेवतो, जिभेच्या टोकावर, नुसत्या ओठांवर, पंचालाही फसवतो. त्याचीच तर आम्ही वर्षानुवर्षं तालीम केली. दुसरा कुठलाही रोगी दीडशेव्या पावलाला गप्प झाला असता आणि खाली बसला असता. ह्याला मी असं काहीतरी बोलायला दिलं होतं जे तो मरेपर्यंत बोलू शकत होता.

त्याने कुंपणाच्या बांबूला हात लावला. माझ्याकडे बघून हसला. मग त्याचे गुडघे वाकले आणि तो बांबू धरूनच खाली बसला, आणि मग आडवा झाला. मैदानापलीकडे एक टेम्पो उभा होता, त्याच्या मालकाने आणि मी त्याला मागे घातलं. मी म्हणजे नुसता हात लावला, उचलायची ताकद माझ्यात नव्हती. वहिनी चपला न घालता धावत आल्या. रोह्यापर्यंत त्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी पुढच्या सीटवर माझाच श्वास सांभाळत होतो, चंबू करून, दोन मोजत घेत, चार मोजत सोडत, अगदी शिकवल्याप्रमाणे.

तो त्या दिवशी गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही, पण मनात आलं होतं. ऑक्सिजन लावला, दोन दिवसांनी डोळे उघडले, माणसं ओळखली. मी भेटायला गेलो तर मास्कच्या आतून हसला. नर्स म्हणाली, बोलू नका हो काका. पण त्याने मास्क खाली ओढला. "तीनशे चाळीस," तो म्हणाला. "तोडला नाय." तोच आकडा तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बोटांनी सांगत होता, शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही.

मी त्याला म्हटलं, "माझं चुकलं. मी तुला थांबवायला पायजे होतं."

"काय चुकलं?" तो म्हणाला. "पोचलो ना."

मग छातीत जंतुसंसर्ग झाला, हृदयावर ताण आला, डॉक्टर बरंच काही सांगत होते. एकोणिसाव्या दिवशी पहाटे वहिनींच्या भावाने मला फोन केला. माघ लागायला आठवडा होता.

पेणच्या मुलीला मी सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, "काका, बोलणं म्हणजे वाक्य. मधे श्वास घ्यावा लागतो असं. आज मी काय खाल्लं, काल कोण आलं होतं. श्वास घेता येतोय का तेच तर त्यातून बघायचं असतं. तुम्ही त्यांना श्वास न घेता बोलायला सांगितलंत." आवाजात राग नव्हता, त्यामुळे मलाच आला. मी म्हटलं, मग हे असं आधी का नाही सांगितलंत? ती म्हणाली, "मला कसं सुचणार असं कुणी करेल?" आणि लगेच म्हणाली, "मी त्यांना आणा म्हटलं होतं." मग तिने मला चालवलं. मला चालावंसं वाटत नव्हतं, तरी चालवलं, आणि मी कालच्या जेवणाबद्दल बोललो.

स्पर्धा पुढे ढकलली नाही. ढकलायची पद्धतही नाही. मंडळाने सत्काराची श्रद्धांजली केली आणि मला निमंत्रण पाठवलं. दुपारी चारला उद्घाटन होतं. मैदान शेणाने सारवून, पाणी मारून दाबलेलं, चुन्याच्या रेषा ताज्या. मी बांबूचं कुंपण ओलांडून आत गेलो आणि खुर्चीत बसलो. माइकवरचा वक्ता आमच्यापेक्षा बराच लहान, कधीतरी राखीव गडी म्हणून संघात होता. तो म्हणाला, आमचे काका शेवटच्या श्वासापर्यंत कबड्डी जगले, या मैदानापर्यंत चालत आले ते कबड्डी म्हणतच आले, दम तोडला नाही, याला म्हणतात खेळाडू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवल्या. मग तो म्हणाला, आणि या वयात, स्वतः आजारी असताना, दर आठवड्याला पेणहून येऊन त्यांचा सराव घेणारे त्यांचे जोडीदार आज आपल्यात आहेत. मंडळाने वहिनींना जी शाल दिली, तशीच दुसरी माझ्या खांद्यांवर घातली आणि हातात नारळ दिला. मला माइकवर चार शब्द बोला म्हणाले. मी गळ्याकडे बोट दाखवून नकार दिला, धाप लागते म्हणून. त्यावरही टाळ्या झाल्या. धाप बिप काही लागत नव्हती. मला उठून सांगता आलं असतं, अहो हा पराक्रम नव्हता, ही माझी चूक होती, ह्या पोरांपैकी कुणाच्या घरी असा रोगी असेल तर असं करू नका. ते सांगणं कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं. मी शाल सावरून बसून राहिलो.

पहिला सामना सुरू झाल्यावर वहिनी घरी निघाल्या, मीही त्यांच्याबरोबर निघालो. उतारावरून आम्ही सावकाश आलो. त्यांनी पडवीत खुर्ची टाकली, चहा केला, स्वतः उंबऱ्यावर बसल्या. मैदानातून शिट्ट्या आणि गलका ऐकू येत होता.

मग त्या म्हणाल्या, "भावजी, तुमचं चालनं चालू हाय ना?"

"आहे."

"किती चालता?"

"वीस मिनिटं. सकाळी."

"येका दमात?"

"छे," मी म्हटलं. "मधे तीनदा बसतो. कधी चारदा. आमची ही कट्टा दिसला की बसवतेच."

वहिनींनी बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, रडल्याही नाहीत. एखादी गोष्ट खरोखर कळली नाही म्हणून माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं, "मंग ह्यांना का नाय बसवलंत?"

धुराचं सांगता आलं असतं. तो ऐकतच नव्हता, हेही सांगता आलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. त्या मुलीचं वाक्य मला नीट कळलं नव्हतं, हेही. वहिनींनी त्यातलं काहीही मानून घेतलं असतं.

"तो बसलेला मला बघवला नसता, वहिनी," मी म्हटलं.

वहिनी उठल्या. मग दोन्ही कप उचलून आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत मी पडवीत एकटाच बसलो होतो.